दुरुस्ती की मोड?

भांडे गळू लागले की त्याला डाग देऊन घ्यावा, की ते मोडीत घालून नवे आणावे, हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. आजीच्या काळी त्याचे उत्तर तांबट देत असे. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत तोच प्रश्न आमच्या घरी संगणकाच्या रूपाने उभा राहिला, आणि या भांड्याचा तांबट कोण हे कोणालाच सांगता येईना. मी कला शाखेचा विद्यार्थी, तेव्हा यंत्रशास्त्रात मला अधिकार नाही. परंतु निर्णय कसा घ्यावा हे त्या चार दिवसांत शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

संगणक एक नव्हे, दोन होते. एक शिरूरला आमच्या घरी, २००८ साली घेतलेला, ‘कोअर टू ड्युओ’ जातीचा. दुसरा दौंडला मामांकडे, २०१२ सालचा, ‘आय-थ्री’ जातीचा. दोन्ही बंद पडलेले. धाकट्या बहिणीला अभ्यासासाठी आणि मराठी टंकलेखनाच्या सरावासाठी संगणक हवा होता. नव्यासाठी पैसे नव्हते. शिवाय शिरूरच्या यंत्रात एक ठेव अडकली होती. आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी त्यात टंकून ठेवल्या होत्या. आजी आता नाही, आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

भंगारवाल्याने आमच्या यंत्राचे दोनशे रुपये सांगितले होते. मामांना फोन केला, तर ते म्हणाले, “देऊ नकोस. घेऊन ये इकडं.” मग ज्याला आपण सगळे चुकून ‘सी.पी.यू.’ म्हणतो तो डबा गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, न्हावरा-चौफुला मार्गे मी दौंड गाठले.

मामा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिलाच धडा दिला तो असा : “अरे, डबा जुना झाला म्हणून रेल्वेत कोणी कंडम करत नाही. आधी तपासतात. काय गेलंय, दुरुस्तीला किती लागेल, दुरुस्तीनंतर किती वर्षं धावेल, हे बघतात. आणि कंडम झाला तरी त्याचे चांगले भाग काढून घेतात.” या बोलण्यातून तीन प्रश्न निघाले. नेमके बिघडले काय? दुरुस्त झाल्यावर यंत्र कोणते काम करणार? आणि त्या कामासाठी याहून स्वस्त वाट आहे का?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. दोघांचा आजार वेगळा होता. दौंडच्या यंत्राची कळ दाबली तरी पंखासुद्धा हलत नव्हता. शिरूरच्या यंत्राचा पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. संगणकात एक पेटी असते, तिला एस.एम.पी.एस. म्हणतात. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सौम्य प्रवाहात रूपांतर करते. काहीच हलत नसेल, तर पहिला संशय या पेटीवर घ्यावा. पंखा फिरतो पण चित्र नाही, तर संशय स्मृतीच्या पट्टीवर, म्हणजे रॅमवर, किंवा मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर घ्यावा.

शिरूरच्या यंत्राची रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसले व ती पुन्हा बसवली. कित्येक संगणक एवढ्यानेच जिवंत होतात; आमचा झाला नाही. मग विजेरी धरून फलक न्याहाळला. प्रोसेसरच्या शेजारी लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. चांगल्या कपॅसिटरचे डोके सपाट असते; आमच्या फलकावरील चौघांची डोकी फुगली होती. आतील द्रव उष्णतेने आटत जातो व वायू साठतो, त्याची ती खूण. असा कपॅसिटर प्रोसेसरला स्थिर वीज पुरवू शकत नाही.

आता मामांनी एक युक्ती केली. शिरूरच्या यंत्राची वीजपेटी काढून त्यांनी दौंडच्या यंत्राला जोडली. कळ दाबली आणि ते सुरू झाले! एका चाचणीत दोन उत्तरे मिळाली. दौंडच्या यंत्राची वीजपेटी गेली होती, बाकी सर्व ठीक होते. शिरूरची वीजपेटी चांगली होती, म्हणजे दोष फलकाकडेच होता. यासाठी एक रुपयाही लागला नाही. मात्र इथे एक सावधगिरीची सूचना. पेट्या अदलाबदल करताना भिंतीतील वायर काढून ठेवावी, आणि वीजपेटी स्वतः कधीही उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून अधिक दाब वायर काढल्यावरही काही काळ टिकून राहतो.

मला वाटले, झाले काम. आमचीच पेटी तिथे राहू द्यावी. मामा नको म्हणाले. सतरा वर्षांची पेटी परीक्षेपुरती ठीक, संसाराला नाही. ती जाताना कधी कधी फलकालाही सोबत नेते. दुरुस्तीत काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे मला तेव्हा कळले.

दुसरा प्रश्न कामाचा. विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या सुधारणा मोफत पुरवण्याचे काम कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षा-सोय व बऱ्याच पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तेव्हा हा आय-थ्री त्या अटींत बसत नाही. म्हणून तो निकामी ठरतो काय? लिनक्स ही मुक्त प्रणाली त्यावर चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहे. बहिणीचे वाचन व टंकलेखन एवढेच काम होते. त्याला हे पुरेसे होते. तिला ठरावीक विंडोज-प्रणालीच वापरावी लागली असती, तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. संगणक चांगला की वाईट हे कामावाचून ठरत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. नवी वीजपेटी नऊशे रुपये. जुनी फिरती हार्ड डिस्क फार संथ, म्हणून तिच्या जागी २५६ जी.बी.ची एस.एस.डी. एकोणीसशे रुपये. ४ जी.बी. रॅमची आणखी एक जुनी पट्टी पाचशे. घड्याळ वर्ष २०११ दाखवत होते, त्यासाठी फलकावरील तीन व्होल्टची बटण-बॅटरी तीस रुपये. एकूण तीन हजार तीनशे तीस. दौंडच्या बाजारात वापरलेला, पण थोडा नवा संगणक आम्हाला नऊ हजारांना सांगितला होता. मामांचा आडाखा असा की दुरुस्ती दुसऱ्या पर्यायाच्या निम्म्याच्या आत असेल तरच करावी. ही जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यातच बसत होती.

हीच मोजणी शिरूरच्या यंत्राला लावली. चार कपॅसिटर किरकोळ किमतीचे; पण ते बदलणाऱ्या कुशल हाताची मजुरी आली, आणि एवढे करून हाती काय, तर ४ जी.बी.च्या पुढे न जाणारा फलक. तो दुरुस्त होऊ शकत होता, परंतु करण्यात अर्थ नव्हता. त्याची मोड ठरली.

मोड म्हणजे मात्र फेकणे नव्हे. त्याची रॅम डी.डी.आर.-२ जातीची, तिची खाच वेगळ्या जागी असल्याने ती आय-थ्रीच्या डी.डी.आर.-३ खोबणीत बसत नाही. प्रोसेसरची बैठकही वेगळी. ते दोन्ही एका जुन्या सामानाच्या दुकानदाराने तीनशे रुपयांना घेतले. पंखा, वायरी आणि कळफलक आमच्या कामी आले.

आणि हार्ड डिस्क? ती सर्वांत आधी काढून ठेवली होती. सॅटा वायरीने ती दुसरी डिस्क म्हणून मामांच्या यंत्राला जोडली. वडिलांची फाइल सापडली. उघडली तर ओव्यांच्या जागी निरर्थक चिन्हे! क्षणभर छातीत धस्स झाले. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टात प्रत्येक अक्षर एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागेवर बसवलेले असे. तो फॉन्ट नसेल तर उरतात ती नुसती चिन्हे. जुन्या विंडोजच्या फॉन्ट-कप्प्यातून तो फॉन्ट उचलून नव्या यंत्रात घातला, आणि आजी पडद्यावर बोलू लागली. पुढे सर्व मजकूर युनिकोडमध्ये उतरवून तीन ठिकाणी जपला. भंगारवाल्याच्या दोनशे रुपयांत हेही गेले असते.

शेवटी उरला तो फुगलेल्या कपॅसिटरांचा फलक. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळाबेरीज व पुनर्प्रक्रिया नोंदली गेली. उरलेल्यातील बरेच फलक उघड्यावर जाळून वा आम्लात बुडवून धातू काढले जातात. शिशासारखी विषे माती-पाण्यात उतरतात. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले असून असा माल नोंदणीकृत केंद्रांकडे जावा अशी अपेक्षा आहे. आमचा फलक पुण्याच्या एका संकलनाला देण्यासाठी बाजूला ठेवला.

आज बहीण त्या आय-थ्रीवर सराव करते. आपल्या महाविद्यालयांतूनही कोपऱ्यात धूळ खाणारी यंत्रे असतील. त्यांच्यावर ‘कंडम’ची चिठ्ठी चिकटवण्यापूर्वी कोणीतरी झाकण उघडून पाहावे, आणि त्याही आधी आत कोणाचे काय राहिले आहे याची चौकशी करावी. यंत्राची मोड घालता येते. आत साठवलेल्याची मोड कोणत्याच बाजारात मिळत नाही.