एमडी उतरल्यावर शरीरात काय चालतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोमवार पेठेत मेफेड्रोन पकडलं. तपासाचा धागा विश्रांतवाडीच्या गोदामातून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत आणि तिथून थेट दिल्लीत पोहोचला. सतराशे किलोंहून जास्त माल, पोलिसांच्या हिशेबाने साडेतीन हजार कोटींच्या वरचा. बातम्यांत नंतर किलो आणि कोटीच गाजत राहिले. ही पावडर शरीरात गेल्यावर काय करते, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही.

मेफेड्रोन म्हणजे एमडी, ‘म्याऊ म्याऊ’. रचनेने ते अँफेटामिनच्या जवळचं. एक लाइन ओढली की छाती धडधडते, जबडा आवळतो, दातांवर दात घासले जातात, गालाची आतली बाजू चावून सोलली जाते. भूक मरते आणि झोप उडते. अंग तापतं ते वेगळंच.

खरा घोळ पेशींत होतो. मेंदूतलं डोपामाइन एरवी चिमुकल्या पिशव्यांत बंद असतं. मेथअँफेटामिनसारखी उत्तेजकं ते पेशीतच बाहेर सांडतात. सांडलेलं डोपामाइन ऑक्सिजनच्या संपर्कात क्विनोन नावाची उपद्रवी रसायनं बनवतं. डोपामाइनची विल्हेवाट लावताना हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं; जखम धुवायला मेडिकलमधून आणतो, तेच. त्याला लोहाचा अंश भेटला की हायड्रॉक्सिल हे अतिशय आक्रमक फ्री रॅडिकल जन्मतं, आणि ते पेशींची आवरणं, प्रथिनं, डीएनए, समोर येईल त्यावर तुटून पडतं.

निरोगी शरीर हे रोजच निस्तरत असतं. ग्लुटाथिओन हे अँटिऑक्सिडंट आणि काही एन्झाइम त्याच कामाला असतात. पण नशा रोजची झाली की साठा भरून येण्याआधीच उपसला जातो. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे वीस टक्के, शिवाय चरबीने भरलेला. म्हणून पहिला फटका त्याला. हृदयाचे स्नायूही सुटत नाहीत.

यातला बराचसा पुरावा मेथअँफेटामिनवरचा आहे. मेफेड्रोनचे उंदरांवरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत: काहींत पेशींची हानी दिसली, काहींत एकट्या मेफेड्रोनने डोपामाइनच्या चेतातंतूंना धक्का लागला नाही, मात्र मेथअँफेटामिनसोबत दिल्यावर नुकसान वाढलं. एमडी त्या मानाने सौम्य, असा अर्थ यातून काढणं म्हणजे शुद्ध आत्मघात.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाल्ल्या तर? ग्लुटाथिओन वाढवणारं एन-अॅसिटिलसिस्टीन ऑस्ट्रेलियात मेथअँफेटामिनच्या व्यसनींना देऊन पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला: सेवन कमी झालं नाही.

येरवड्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६ मध्ये झाली, तेव्हा पुण्याला ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने घेरलं होतं. पदार्थ बदलला, पण शरीराला सावरायला वेळ लागतो हे बदललेलं नाही. मेथअँफेटामिन सोडलेल्यांचे मेंदूचे स्कॅन अमेरिकेत २००१ मध्ये तपासले गेले. वर्षभराहून जास्त काळ नशेपासून दूर राहिलेल्यांमध्ये डोपामाइन परत आत ओढून घेणारी प्रथिनं बरीचशी भरून आली होती. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा दिसली नाही.