गोळी एक, औषधं तीन
मधुमेह समजून घेताना : भाग ९

मधुमेहाच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून पाहा. कंपनीनं दिलेलं नाव ठळक असतं आणि आत काय आहे ते भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं: ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, व्होग्लिबोज ०.२ मिलिग्रॅम. ‘शुगरची एक गोळी’ म्हणून आपण गिळतो, तिच्यात तीन वेगळ्या स्वभावांची औषधं असतात. मागच्या भागात एकट्या मेटफॉर्मिनबद्दल बोललो. आज या एकत्र गोळ्यांबद्दल बोलू, कारण आपल्याकडे मधुमेही माणसाच्या हाती बहुधा त्याच पडतात.

एकापेक्षा जास्त औषधं लागतात याचा अर्थ पथ्य बिघडलं असाच होत नाही. टाइप दोन मधुमेहात बिघाड एकाच जागी नसतो. यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडतं, स्नायूंना इन्शुलिनची हाक नीट ऐकू जात नाही, आणि वर्षं सरतात तशी स्वादुपिंडाची इन्शुलिन तयार करण्याची ताकद कमी होत जाते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९८पासून प्रसिद्ध होत गेले. एकाच औषधावर ठेवलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी साधारण निम्म्यांची, तर नऊ वर्षांनी जेमतेम पाव लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या खाली राहिली होती. तेव्हा डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं की अपराधी वाटून घेऊ नका. त्यापेक्षा जोडलेलं औषध कोणतं आणि ते काय करतं, हे विचारून घ्या.

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण सगळ्या औषधांचा धोका सारखा नसतो. मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन गटातली औषधं (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन), पायोग्लिटाझोन, डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं आणि व्होग्लिबोज यांच्यामुळे एकट्यानं साखर धोकादायक खाली जाणं क्वचितच घडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड या सल्फोनिलयुरिया गटाचं तसं नाही. ही औषधं स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, आणि ते करताना तुम्ही जेवलात की नाही याची फारशी पर्वा करत नाहीत. औषधं स्वस्त आहेत, परिणामकारक आहेत, लाखो लोकांना त्यांचा उपयोग होतो. मात्र ती पोटात असताना जेवण चुकवायचं नाही. तुमच्या गोळीच्या घटकांत ‘ग्लि’नं सुरू होणारं यांपैकी नाव आहे का, हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक हवं. मागे ‘ग्लिप्टिन’ किंवा ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर तो वेगळा गट, एवढं ध्यानात ठेवा.

आता आपला उपवास घ्या. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. मुसलमान घरांत रमजानचे रोजे. सकाळी नेहमीच्या सवयीनं गोळी घेतली जाते आणि नंतर दुपारपर्यंत पोटात चहाशिवाय काही नसतं. अकरा-साडेअकराला घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू असं एकदम पोटात जातं आणि साखर दुसऱ्या टोकाला पोहोचते. एरवी डॉक्टर उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड कमी करायला किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगू शकतात. पण गोळी एकत्र असली तर मेटफॉर्मिन ठेवून ग्लिमेपिराइड तेवढं वगळता येत नाही. एका जुवाला दोन बैल जोडलेत. एक थांबवला की दुसराही थांबतो. गोळीचे तुकडे करून हा प्रश्न सुटत नाही. अशा बऱ्याच गोळ्या दोन थरांच्या असतात. मेटफॉर्मिनचा थर अनेक तास हळूहळू विरघळावा म्हणून खास बनवलेला असतो. नावापुढचं ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ तेच सांगतं. ती चावली किंवा कुटली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. (अशा गोळीचा पोकळ सांगाडा कधीकधी शौचात दिसतो आणि लोक घाबरतात. औषध आत शोषलं गेलेलं असतं, उरतं ते टरफल.) नेमानं उपवास करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं आणि त्या दिवसांसाठी सुट्या गोळ्या लिहून घ्याव्यात. हे सांगायला अनेकांना संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील असं वाटतं. पण लपवून केलेल्या उपवासात धोका कितीतरी जास्त असतो.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की काय करायचं ते बहुतेकांना पाठ असतं: चमचाभर साखर, पेढा, चॉकलेट, बिस्किट. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेल्या गोळीबाबत मात्र हा जुना उपाय कमी पडतो, आणि ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. व्होग्लिबोजचं कामच मुळी आतड्यात पिष्ट पदार्थ आणि साखर यांचं विघटन मंदावण्याचं आहे. आपल्या डब्यातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडणीतून बनते. ती जोडणी आतड्यात तुटल्याशिवाय रक्तात काही जात नाही, आणि नेमकी ती तोडणारी यंत्रणाच या औषधानं अडवलेली असते. माणूस थरथरत असतो, घरचे साखर भरवत असतात आणि रक्तातला आकडा हलत नाही. अशा वेळी थेट ग्लुकोज द्यावं लागतं, कारण ते पचवावं लागत नाही. साधी, बिनचवीची ग्लुकोज पावडर चहाचे तीन चमचे, म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम, पाण्यात घालून द्यायची. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. अजून ७०च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा. संत्र्या-लिंबाच्या स्वादाच्या पाकिटांत साधी साखरही मिसळलेली असू शकते, म्हणून बिनचवीची. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ही तिहेरी गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. ती घेणाऱ्याच्या उशाशी आणि पिशवीत ही पावडर असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

साखर वर आली म्हणून तिथंच सोडून देऊ नका. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे साखर दोन-तीन तासांनी पुन्हा उतरू शकते. लगेच पोळी-भाजी, भात असं काहीतरी खायला द्या आणि पुढचे काही तास तपासत राहा. माणूस वयस्कर असेल, मूत्रपिंडं कमजोर असतील, तर दवाखान्यात नेणंच बरं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. १०८ला फोन करायचा. म्हाताऱ्या माणसांत घाम-थरथर ही लक्षणं नसतातही. ती नुसती असंबद्ध बोलू लागतात, चिडचिड करतात, क्वचित एक बाजू लुळी पडते आणि घरच्यांना अर्धांगाचा झटका वाटतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखी औषधं चालू असतील तर छातीतली धडधड झाकली जाते. घाम तेवढा येतो. त्या घामाकडे दुर्लक्ष करू नका.

दुसरा मोठा धोका पुनरुक्तीचा. समजा, गावातल्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ५०० अशी गोळी दिवसातून दोनदा दिली आहे. पुढे छातीत दुखलं म्हणून शहरातल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. तिथून घरी सोडताना विल्डाग्लिप्टिन-मेटफॉर्मिन ५०० दोनदा आणि डापाग्लिफ्लोझिन-मेटफॉर्मिन १००० एकदा, अशी चिठ्ठी मिळाली. तिन्ही गोळ्यांची नावं वेगळी, रंग वेगळे. जुनी गोळी बंद करा असं कुणी स्पष्ट सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं गडबडीत ऐकू आलं नाही. तिन्ही चालू राहिल्या तर मेटफॉर्मिन दिवसाला ३००० मिलिग्रॅम होतं, आणि सहसा २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या पुढे कुणी जात नाही. मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर ही मर्यादा आणखी खाली येते: गाळणक्षमतेचा अंदाज देणारा ईजीएफआर हा आकडा ४५च्या खाली गेला की मात्रा कमी करतात आणि ३०च्या खाली मेटफॉर्मिन बंद. ग्लिमेपिराइड दोन नावांनी आलं तर साखर कुठं जाईल हे वेगळं सांगायला नको. मेडिकलवाल्यानं ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी स्ट्रिप दिली, तर जुनी आणि नवी शेजारी ठेवून घटक आणि मिलिग्रॅम जुळवा. नावापुढचे १, २, ‘फोर्ट’ यांनी मात्रा बदलते. जनऔषधी केंद्रातल्या गोळीवर घटकाचंच नाव असतं, त्यामुळे तिथं हे सोपं जातं. एका वहीत गोळीच्या नावासमोर घटक लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे, दातांच्या डॉक्टरांपुढेसुद्धा, ती वही उघडा.

दातांच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांचं नाव मी मुद्दाम घेते आहे. नायट्यासाठी दिलं जाणारं फ्लुकोनाझोल ग्लिमेपिराइडला शरीरातून बाहेर पडू देत नाही, आणि नेहमीच्याच मात्रेत साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटामुळे लघवीत साखर जाते, त्यामुळे जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो; त्यासाठी पुन्हा फ्लुकोनाझोल दिलं जातं. एका औषधाचा त्रास दुसऱ्यानं निस्तरताना तिसरं बिथरतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकंही साखर खाली नेऊ शकतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनं ती वर चढवतात. कारल्याचा रस किंवा मधुमेहाचं म्हणून विकलं जाणारं चूर्ण घेत असाल, तर तेही सांगा. त्यात काय मिसळलं आहे हे पाकिटावरून कळेलच असं नाही.

ही एकत्र गोळ्यांची बाजारपेठ आपल्या देशात फार सैल वाढली. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारनं निरनिराळ्या आजारांवरच्या ३४४ ठरावीक मिश्रणांवर बंदी घातली, तेव्हा मधुमेहाची काही तिहेरी मिश्रणंही तिच्यात आली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदी रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०१७च्या अखेरीस प्रकरण तज्ज्ञ मंडळाकडे फेरतपासणीसाठी पाठवलं, आणि सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्यानं बंदी आली. दोन औषधांची विचारपूर्वक केलेली जोडी मला मान्य आहे. गोळ्यांची संख्या कमी झाली की त्या चुकत नाहीत, खर्चही वाचतो. पण निदान झाल्याबरोबर तीन औषधांची एक गोळी हातात ठेवणं मला पटत नाही. त्रास झाला तर कोणत्या घटकानं झाला ते शोधायचं कसं, आणि एकाची मात्रा वाढवायची झाली तर उरलेल्या दोघांचं काय करायचं?

वेळेबद्दल थोडक्यात. ग्लिमेपिराइड असलेली गोळी पहिल्या मोठ्या जेवणाच्या किंवा न्याहारीच्या लगेच आधी, व्होग्लिबोज पहिल्या घासाबरोबर, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा नंतर. मिश्रण असेल तेव्हा चिठ्ठीवर लिहिलेली वेळच पाळा. गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल, विशेषतः शाकाहारी घरांत, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. पायांना मुंग्या येतात त्या मधुमेहामुळेच, असं धरून बसू नका. पायोग्लिटाझोन असलेल्या गोळीनं पाय सुजले किंवा दम लागू लागला तर वाट न पाहता कळवा.

शेवटचं पावसाळ्याच्या तोंडावर सांगायला हवं. जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, अशा दिवशी नेहमीच्या गोळ्या निष्ठेनं गिळणं धोक्याचं असतं. शरीरातलं पाणी आटलं की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि मेटफॉर्मिन साठू लागतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन पाणी आणखी बाहेर काढतात. त्यांच्यामुळे रक्तात आम्ल पदार्थ साठून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतोही. म्हणून या गोळ्या घेणाऱ्याला मळमळ, पोटदुखी आणि धाप लागली तर साखर २०० दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. अशा आजारात मेटफॉर्मिन आणि ही ग्लिफ्लोझिन औषधं तात्पुरती थांबवायची असतात. न जेवता ग्लिमेपिराइडही घ्यायचं नसतं, मात्र ते थांबवायचं डॉक्टरांना फोन करून, आणि साखर दर काही तासांनी तपासत. इन्शुलिन चालू असेल तर ते स्वतःच्या मनानं बंद करू नका. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधीही डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस थांबवतात, आणि रंगद्रव्य टोचून करायच्या सीटी स्कॅनआधी मेटफॉर्मिनबद्दल विचारावं लागतं. भरती होताना तुमची वही तिथंही दाखवा. आजारातून उठल्यावर खाणंपिणं एक-दोन दिवस नीट पोटात टिकू लागलं, की गोळ्या पुन्हा सुरू करता येतात, पण मूत्रपिंडांबद्दल शंका असेल तर क्रिएटिनिन तपासून मगच.

पुढील भागात : इन्शुलिन कधी, आणि त्याची भीती कशाची?