दाराला कोणता रंग द्यावा?

पेसाखच्या थोडे आधी जपानहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती तीन महिन्यांसाठी आपल्या मुलीकडे ग्योतोकु येथे राहायला गेली होती. खुशाली सांगून झाल्यावर तिने एकदम विचारले, "दाराला कोणता रंग द्यावा? तू शाळेत चित्रकलेचा तासही घेत होतास ना, मग सांग."

कारण विचारले तेव्हा खरी गोष्ट कळली. दूध आणायला ती एकटी खाली उतरली होती. परत येताना लिफ्टमधून एक मजला आधीच बाहेर पडली आणि परक्याच्या दाराला किल्ली लावत उभी राहिली. आतल्या बाईंनी दार उघडले. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, उलट कमरेतून वाकल्या, पण बहीण मनातून फार ओशाळली. तेव्हापासून ती एकटी खाली जाईनाशी झाली. "सगळी दारे राखाडी, एकापुढे एक. आपल्या घरच्यासारखे निळे दार असते तर चुकले असते का?"

आपले घर म्हणजे अलिबागकडचे. त्या दाराला निळा तेली रंग होता. पेसाखच्या आधी भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई आणि वडिलांच्या हातात पैसे असले तर दाराला रंगाचा नवा हात, असा क्रम असे. किप्पुरच्या दिवसाला तर आपले पूर्वज दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. दार हे आपल्या लोकांना नुसते लाकूड कधीच नव्हते. इकडे त्सफातच्या जुन्या गल्ल्यांतही निळी दारे दिसतात. तो रंग आकाशाची आणि तेखेलेतच्या धाग्याची आठवण देतो असे म्हणतात, कोणी म्हणतात दृष्ट लागत नाही.

बहिणीला उत्तर देण्यापूर्वी आम्ही भाचीकडे चौकशी केली. ग्योतोकु हे टोकियोला लागून असलेल्या चिबा प्रांतातील इचिकावा शहराचा भाग. एके काळी तेथे मिठागरे होती आणि एदोच्या शोगुनांना तेथून मीठ जाई. शेजारच्या शिओहामा या नावाचा अर्थच मिठाचा किनारा. उरण-पेणची मिठागरे पाहिलेल्या माणसाला तेथे परके वाटू नये! १९६९ साली तोझाई लाइनची रेल्वे आली, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आता त्या मार्गावर पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठीही कानी पडते.

दाराबद्दल भाचीने जे सांगितले ते आम्हाला नवीन होते. जपानमध्ये इमारतीतील घरांच्या मालकीचा कायदा १९६२ सालचा आहे. सरकारने सोसायट्यांसाठी एक नमुना नियमावली केली आहे आणि पुष्कळ सोसायट्या तीच धरून चालतात. तीत पुढच्या दाराची चक्क वाटणी केली आहे. कुलूप आणि आतल्या बाजूचा रंग घरमालकाचा, बाकीचे दार सर्वांच्या मालकीचे. म्हणजे आतून पोपटी रंग द्या, कोणी विचारणार नाही. बाहेरून मात्र ब्रशही लावता येत नाही. साधारण १२ ते १५ वर्षांनी सबंध इमारतीची मोठी दुरुस्ती निघते, त्या वेळी रहिवाशांच्या सभेत रंग ठरतो आणि तो सगळ्या दारांना एकच. भाचीचे घर तर भाड्याचे. सोडताना होते तसे परत करायचे, म्हणून आतलीही बाजू तिची नाही.

मग उपाय काय? दाराशेजारी भिंतीवर नावाच्या पाटीसाठी एक लहानशी जागा असते. पुष्कळ लोक ती कोरी ठेवतात. ती भाडेकरूने वापरायचीच जागा. तेथे रंगीत पाटी लावावी असे ठरले. बहिणीने अर्थातच निळी मागितली.

येथे आम्हाला मास्तरकी करावी लागली. वयपरत्वे डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. कमी उजेडाच्या व्हरांड्यात गडद निळा रंग आपल्या वयाच्या माणसाला काळाच भासतो. मोतीबिंदू काढल्यावर आम्हाला स्वतःला निळा रंग पुन्हा निळा दिसू लागला, तोवर आपण काय गमावले होते याचा पत्ताही नव्हता. राखाडी दाराशेजारी निळी पाटी म्हणजे राखाडीवर काळसर डाग. आम्ही हळदीसारखा पिवळा सुचवला, वर काळे ठळक अक्षर. ती दोन दिवस रुसली. मग भाचीने दोन्ही रंगांचे कागद लिफ्टपाशी उभे राहून दाखवले. निळा तिला दिसलाच नाही.

वाचकांपैकी कोणाला आपले दार रंगवायचे असेल तर एवढेच ध्यानात घ्यावे. रंगाचा नमुना दुकानातल्या दिव्याखाली पाहून ठरवू नये. तळहातापेक्षा मोठा तुकडा दारावर उभा चिकटवून सकाळी आणि संध्याकाळी पाहावा. फिकट रंग मोठ्या दारावर आणखी फिकट आणि भडक रंग आणखी भडक दिसतो. दार भिंतीहून निराळे आणि कुलपाचे भोक दाराहून निराळे दिसले पाहिजे. लोखंडी दाराला आधी गंजरोधक हात हवा. जिना सामाईक असेल तर बाहेरच्या बाजूसाठी वाद हबायितला विचारून घ्यावे.

आणि मेझुझा आधी काढून ठेवावी. तिच्यावरून रंग फासू नये, ओल चर्मपत्रापर्यंत जाते. घरची मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासून घ्यायची असते, रंगाच्या निमित्ताने तेही उरकते. परत लावताना बेराखा म्हणायची की नाही, हे किती वेळ काढून ठेवली त्यावर ठरते, तेव्हा आपल्या रब्बींना विचारावे. भाचीने आपली मेझुझा चौकटीच्या आतल्या अंगाला दुहेरी चिकटपट्टीने लावली आहे. लोखंडी चौकटीत खिळा जात नाही, आणि देशाबाहेर भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ३० दिवसांची सवलत असली तरी तिचे ३० दिवस केव्हाच उलटले होते. पण तेथील दार बाहेरच्या बाजूस उघडते. ते बंद असले की मेझुझा दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून खुणेसाठी पाटीच हवी होती.

पाटी लागल्यावर बहीण पुन्हा दूध आणायला एकटी जाऊ लागली. पहिल्याच दिवशी ती परत चुकीच्या मजल्यावर उतरली. पिवळे काही दिसेना, म्हणून किल्ली बाहेर न काढताच लिफ्टकडे वळली.