मशीनवरच्या रुग्णाला पंप कशाला?

लिंबागणेशला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण व्हेंटिलेटर लागेल इतकी धाप वाढली की रुग्णाला मांजरसुंबामार्गे बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात हलवावं लागतं. आपल्याकडे ज्यांना सरसकट दमेकरी म्हणतात, त्यातल्या अनेकांना खरं तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार असतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक मग विचारतात, ‘‘डॉक्टर, आता मशीनच श्वास देतंय, मग पंप कशाला मारताय?’’

मशीन हवा आत ढकलतं, पण आवळलेली श्वासनळी मोकळी करत नाही. सीओपीडीत खरी अडचण श्वास बाहेर सोडताना होते. आधीची हवा पुरती निघायच्या आत पुढचा श्वास आत येतो, हवा साचत जाते, छाती फुगते आणि रक्तदाबही खाली येऊ शकतो. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू सैल करण्याचं काम पंपातली साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम ही औषधं करतात.

औषध लागू पडतंय का, हे मशीनच्या पडद्यावर पाहता येतं. समजा, श्वास आत जाताना सर्वाधिक दाब ४० आहे आणि हवा क्षणभर थांबवल्यावर तो २० वर येतो. मधला २० चा फरक बहुतांशी अरुंद नळ्यांच्या अडथळ्याचा. औषधानंतर तेवढ्याच वेगाने हवा देऊन वरचा आकडा ३२ झाला आणि खालचा २० च राहिला, तर नळ्या मोकळ्या होऊ लागल्या आहेत. नातेवाइकांनी हे आकडे डॉक्टरांना जरूर विचारावेत. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

‘तोंडात थेट नळी आहे, म्हणजे सगळं औषध फुप्फुसात जाणार’ हाही गैरसमजच. बरंच औषध मशीनच्या नळ्यांना आणि घशातल्या नळीला चिकटून वाया जातं. म्हणून पंप हलवून घ्यायचा, तो श्वास आत नेणाऱ्या नळीवरच्या स्पेसरला, म्हणजे पोकळ नळकांड्याला, जोडायचा आणि मशीनचा श्वास सुरू होताच दाबायचा. दुसऱ्या पफआधी निदान पंधरा सेकंद थांबायचं. नळीवर ओलावा धरणारा फिल्टर असेल, तर औषध देताना तो बाजूला काढावा लागतो, नाहीतर औषध त्यातच अडकतं. अशा बारीकसारीक गोष्टी चुकल्या, की चांगलं औषधही कुचकामी ठरतं.

जास्त पफ म्हणजे जास्त आराम, असंही नाही. डॉ. राजीव धंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या सीओपीडी रुग्णांना साल्ब्युटामॉलचे आधी ४, मग ८, मग १६ पफ दिले. नीट पद्धतीने दिलेल्या पहिल्या चार पफनीच अडथळा कमी झाला. पुढे एकूण २८ पफपर्यंत जाऊनही वेगळा फायदा दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके वाढले. या औषधाने रक्तातलं पोटॅशियमही उतरू शकतं. तेव्हा ‘अजून दोन मारा ना सिस्टर’ असा आग्रह धरू नये.

घरची रोटाकॅप पिशवीतून आणणारेही असतात. त्या कॅप्सूलमधली पूड रुग्णाने स्वतः जोरात ओढायची असते. मशीनच्या दमट नळीतून ती द्यायची नसते. तिथे पंप किंवा नेब्युलायझरच लागतो.

‘आईने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तिला हा आजार कसा?’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात चुलीच्या धुराला मोठं स्थान आहे. काटक्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या जाळत बंद खोलीत वर्षानुवर्षं भाकरी थापलेल्या बाईला धाप लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी वेळेत झाली, तर आजार लवकर कळतो.

मशीनवर गेलेला माणूस परत येत नाही, हेही खरं नाही. कित्येकांचं काम घशात नळी न घालता, मास्कच्या बायपॅपवरच भागतं. नळी घातलेलेही अनेकजण बरे होऊन घरी जातात. मात्र मशीन सुटलं म्हणून पंप सोडायचा नसतो, आणि त्याचं व्यसनही लागत नाही. सुट्टी होण्याआधी सिस्टरसमोर एकदा पंप मारून दाखवा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने आतून पुसला, तर स्थिर वीज तयार होऊन औषध त्याच्या भिंतीलाच चिकटतं.