टाचेची फिर्याद

पहाटे शहाबादी फरशीवर पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी जी कळ उठते आणि 10-20 पावलांनंतर, जणू फिर्याद मागे घेतल्याप्रमाणे, ओसरते, तिचे मूळ बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेल्या, रात्रभर आखडून राहिलेल्या तळव्याच्या चिवट पट्ट्यात असते. क्ष-किरणचित्रात वाढलेले हाड दिसले की मंडळी हवालदिल होतात. पण तसे हाड वेदनारहित टाचांतही आढळते, तेव्हा बिचाऱ्याचा कसूर क्वचितच. उठण्यापूर्वी पायाची बोटे नडगीकडे 10 सेकंद ओढून धरणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, घरातही टाचेला आधार देणारी चप्पल वापरणे, एवढा बंदोबस्त नेटाने ठेवल्यास बहुतेकांची व्यथा, कित्येक महिने घेऊन का होईना, शस्त्रक्रियेविना शमते. बधिरता वा ताप असल्यास मात्र डॉक्टरांकडे विनाविलंब जावे.