नर्सिंगला प्रवेश घेताना

बारावीचा निकाल लागला की, "डॉक्टर, मुलीला नर्सिंगला घालू का?" असे पालक मला विचारतात. जरूर घाला, मुलालाही घाला. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावीला इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे. राज्याची सीईटीही द्यावी लागते.

फी भरण्यापूर्वी मात्र चौकशी कराच. पदवी कोणत्या विद्यापीठाची? महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? प्रत्यक्ष कामासाठी रुग्णालय कोणते? मान्यता नसेल तर पुढे नोंदणी अडते, आणि नोंदणीविना परिचारिकेची नोकरी नाही. वर्षेही जातात, पैसेही. एजंटच्या शब्दावर विसंबू नका. मान्यतेचा कागद स्वतः वाचा.