‘पुढच्या आठवड्यात नक्की!’ : तारीख पुन्हा पुन्हा ढकलली की ग्राहक एवढा का चिडतो?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण उशिराबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून पूर्ण हिशेब इथे मांडतोय. शेवटी एक मेसेजचा नमुना दिलाय, तो जसाच्या तसा वापरा.

समजा, भिवंडीत कल्याण नाक्याजवळ तुमचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. एका कंपनीने नवीन स्ट्रीमिंग स्पीकर जाहीर केला. वाय-फायला जोडायचा, मोबाइल बाजूला ठेवायचा, थेट गाणी सुरू. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, “गणपतीच्या आधी माल येतोय.” तुम्ही दुकानाबाहेर बोर्ड लावला, व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं आणि ४० जणांकडून प्रत्येकी २,००० रुपये ॲडव्हान्स घेतला. गणपती गेले. “दसऱ्याला नक्की.” दसरा गेला. “दिवाळीच्या आधी शंभर टक्के!”

आता दुकानात येणारा माणूस स्पीकरबद्दल विचारत नाही. तो चारचौघांत तुमच्याबद्दल बोलतो.

इथे बरेच दुकानदार म्हणतात, “यात माझी काय चूक? माल कंपनीकडूनच आला नाही!” बरोबर आहे. पण ग्राहकाला तारीख कंपनीने दिली नव्हती, तुम्ही दिली होती. तोच आजचा मुद्दा आहे : ग्राहक पहिल्या उशिराला सहन करतो. दुसरी तारीख चुकली की तो उशीर मोजत नाही, तुमचा शब्द मोजतो.

ग्राहकाचं नेमकं काय जातं?

आपल्याला वाटतं, त्याचे २,००० रुपये तर सुरक्षित आहेत, मग एवढा आवाज कशाला? त्याच्या बाजूने बघा.

एक, त्याचे पैसे अडकलेत. दोन, त्याने दुसरा स्पीकर घेतला नाही. मधल्या काळात सेलमध्ये चांगला मिळत होता, तो तुमच्या शब्दाखातर सोडला. तीन, त्याने घरी सांगून ठेवलंय. बायको, मुलं, भाऊ रोज विचारतात, “आला का तो?” तुमच्यामुळे तो घरात खोटा पडतो. आणि चार, वस्तू एखाद्या दिवसासाठी हवी असते. गणपतीच्या आरतीसाठी घेतलेला स्पीकर अनंत चतुर्दशीनंतर आला, तर वस्तू तीच असली तरी तिची गरज संपलेली असते.

या चारपैकी एकही गोष्ट तुमच्या बिलबुकात दिसत नाही. म्हणून आपल्याला ग्राहकाचा राग अचानक आल्यासारखा वाटतो.

मोठ्या कंपन्यांचं काय झालं?

ॲपलने जून २०१७ मध्ये ‘होमपॉड’ हा स्पीकर जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये विक्रीला येईल असं सांगितलं. नोव्हेंबरच्या मध्यात कंपनीने कळवलं की अजून थोडा वेळ हवाय, २०१८ च्या सुरुवातीला देऊ. ९ फेब्रुवारी २०१८ ला तो दुकानात आला. ख्रिसमसचा मोसम हातचा गेला, टीकाही झाली. पण दोन गोष्टी नीट बघा. दिलेली मुदत उलटायच्या आधीच कळवलं, आणि नवीन सांगितलेली वेळ पाळली. तारीख एकदाच सरकली.

त्याच ॲपलचं दुसरं उदाहरण बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘एअरपॉवर’ नावाचा चार्जिंग मॅट दाखवला. त्यावर फोन, घड्याळ आणि कानातले एअरपॉड्स एकत्र चार्ज होणार होते. तो २०१८ मध्ये येणार होता. २०१८ संपलं, मॅट आला नाही. शेवटी २९ मार्च २०१९ ला कंपनीने तो रद्दच केला, कारण तो त्यांच्या दर्जाला उतरत नव्हता. कंपनी तीच, इंजिनिअरिंगची ताकद तीच. पण काम पक्कं होण्याआधी जाहीर केलं की एवढ्या मोठ्या कंपनीलाही माघार घ्यावी लागते.

तिसरं उदाहरण स्पॉटिफायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी ‘हायफाय’, म्हणजे जास्त चांगल्या आवाजाची सेवा जाहीर केली आणि त्याच वर्षी काही देशांत येईल असं सांगितलं. तीन महिन्यांत, मे २०२१ मध्ये, ॲपल म्युझिक आणि ॲमेझॉन म्युझिकने तशीच सेवा जादा पैसे न घेता देऊ असं जाहीर केलं. स्पॉटिफायची सेवा ‘लॉसलेस’ या नावाने सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. म्हणजे जाहिरात यांनी केली आणि ग्राहकाला आधी माल दिला शेजारच्या दुकानाने.

आपल्या घरचं उदाहरण : नॅनो

आता मुंबईच्या टाटा मोटर्सकडे येऊ. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये नॅनो दाखवली. लाखाची गाडी! ती त्याच वर्षी बाजारात आणायचा बेत होता. कारखाना पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला उभा राहत होता, पण जमिनीच्या आंदोलनामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने सिंगूर सोडलं आणि नवा कारखाना गुजरातमध्ये साणंदला न्यायचं ठरवलं. म्हणजे माल तयार करायची जागाच गेली.

२३ मार्च २००९ ला मुंबईत गाडी विक्रीसाठी जाहीर झाली. एप्रिलमध्ये बुकिंग घेतलं, तेव्हा २ लाखांहून जास्त नोंदण्या आल्या. तेवढ्या गाड्या लगेच देणं शक्यच नव्हतं. मग पहिल्या १ लाख ग्राहकांची निवड सोडतीने केली आणि त्यांना जाहीर केलेली किंमत कायम ठेवली. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांना दोन पर्याय दिले : पैसे परत घ्या, किंवा नोंदणी ठेवा आणि थांबलेल्या काळाचं व्याज घ्या. पहिली गाडी १७ जुलै २००९ ला मुंबईत ग्राहकाच्या ताब्यात दिली. साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला.

नॅनो पुढे का चालली नाही, हा वेगळा विषय आहे. पण उशीर झाल्यावर ग्राहकाला रांगेतला नंबर, पक्की किंमत आणि बाहेर पडायचा दरवाजा, या तीन गोष्टी दिल्या गेल्या. या तिन्ही गोष्टी तुमच्या दुकानातही देता येतात. त्याला भांडवल लागत नाही, एक वही लागते.

तारीख चुकते कशी? साधं गणित

स्पीकरचाच प्रवास बघा. आधी कारखान्यात चिप वेळेवर यायला हवी. मग सॉफ्टवेअर पूर्ण व्हायला हवं. मग आपल्याकडे विकायचं तर बीआयएसची नोंदणी आणि वाय-फाय, ब्लूटूथसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची मान्यता. मग न्हावा शेवा बंदरावर कस्टम्स. मग मानकोलीच्या किंवा काल्हेरच्या गोदामातून तुमच्या दुकानापर्यंत टेम्पो. झाले पाच टप्पे.

समजा प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा वेळेवर होतो. ऐकायला छान वाटतं ना? आता पाचही टप्पे एकत्र वेळेवर होण्याची शक्यता काढा. ०.९ ला पाच वेळा गुणा. उत्तर येतं ०.५९. म्हणजे दर १० वेळांमध्ये साधारण ४ वेळा तुमची तारीख चुकणारच!

प्रत्येक टप्प्यावरचा माणूस त्याच्या परीने खरं बोलतो. पण सगळं सुरळीत झालं तर मिळणारी तारीख तुम्ही ग्राहकाला ‘नक्की’ म्हणून दिलीत, तर खोटे तुम्ही पडता.

आपल्या भिवंडीचा लूमवाला हे गणित न शिकता जाणतो. सूत गोदामात पडल्याशिवाय जुना कारखानदार ग्रे कापडाची तारीख देत नाही. व्यापारी कितीही मागे लागला तरी म्हणतो, “सूत येऊ द्या, मग सांगतो.” हीच सवय इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने, फर्निचरवाल्याने आणि केकवाल्या ताईंनीही लावून घ्यायची आहे.

मग करायचं काय? पाच नियम

१. अंदाज आणि शब्द वेगळे ठेवा. माल वाटेत असेल तर “अंदाजे अमुक महिना” एवढंच सांगा. माल तुमच्या गोदामात आला की मगच तारीख द्या. बोर्डावरही तसंच लिहा.

२. तारीख एकदाच बदला. पहिला उशीर कळला की घाईत “पुढच्या आठवड्यात” म्हणू नका. डिस्ट्रिब्युटरला, ट्रान्सपोर्टवाल्याला, सगळ्यांना पुन्हा विचारा. जी सगळ्यात लांबची तारीख येईल, तिच्यात अजून थोडे दिवस मिळवा आणि ती सांगा. एकदा महिनाभर पुढे ढकललेलं चालतं, चार वेळा आठवडा-आठवडा ढकललेलं चालत नाही.

३. तारीख उलटायच्या आधी कळवा. ग्राहकाने फोन करून विचारायच्या आत तुमचा फोन गेला पाहिजे. तोच उशीर, पण आधी सांगितला तर ती माहिती असते, नंतर सांगितला तर ती सबब वाटते.

४. पैसे परत द्यायची तयारी तुम्हीच दाखवा. हिशेब करा. एका स्पीकरमागे तुम्हाला ६०० रुपये सुटतात. ४० पैकी १० जणांनी पैसे परत घेतले तर ६,००० रुपयांचा नफा गेला. पण ते १० जण चिडून गेले, तर पुढचा मिक्सर, टीव्ही, फ्रिज दुसरीकडून घेतील. त्यातला एक फ्रिजसुद्धा या ६,००० च्या बराचसा जवळ जाईल. आणि ॲडव्हान्सचे पैसे दुसऱ्या मालात गुंतवू नका, म्हणजे परत देताना हात आखडणार नाही.

५. रांगेची वही ठेवा. नाव, तारीख, रक्कम, नंबर. माल थोडा आला तर नंबराप्रमाणेच द्या. ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने आधी दिलात, तर उरलेल्या सगळ्यांना ते दुसऱ्या दिवशी कळतं. भिवंडी एवढी मोठी नाही!

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन ठरलेली सेवा नीट न देणं ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तुम्ही ऑनलाइन विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही वाचा. सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोचला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तरच सूट आहे.

हे घाबरवायला सांगत नाही. तुम्हीही कुठेतरी ग्राहक आहात. तुमचं मशीन कुणी चार महिने लटकवलं असेल, तर हाच कायदा तुमच्या बाजूने आहे.

मेसेजचा नमुना

“नमस्कार दादा/ताई. तुम्ही बुक केलेला स्पीकर ठरलेल्या तारखेला येणार नाही. कारण : कंपनीकडून माल अजून निघालेला नाही. आम्ही सगळीकडे चौकशी केली, नवीन तारीख ___ आहे. तुमचा नंबर ___ आहे आणि किंमत बदलणार नाही. थांबायचं नसेल तर ‘परत’ एवढंच लिहा, पूर्ण रक्कम दोन दिवसांत परत करतो. तुम्हाला थांबावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी.”

बघा, यात ‘प्रयत्न चालू आहेत’, ‘लवकरच’, ‘सहकार्य करा’ असे शब्द कुठेच नाहीत. त्यांनी ग्राहकाला काहीच कळत नाही.

या आठवड्याचं काम

आज दुकान बंद करायच्या आधी ॲडव्हान्सची वही उघडा. ज्यांची तारीख उलटून गेलीय त्या नावांवर लाल खूण करा. उद्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत त्यातल्या पाच जणांना स्वतः फोन करा, पोऱ्याला करायला सांगू नका. एक-दोघं चिडतील, ऐकून घ्या. बाकीचे बहुतेक म्हणतील, “बरं झालं सांगितलंत.”

भेटू पुढच्या आठवड्यात. आणि हो, आपली तारीख ठरलेली आहे : रविवार, सकाळी ९ वाजता!